नको म्हणायलाही वकील लागतो

१

गुड फ्रायडेच्या सकाळी नऊ वाजता सेन्योरा रेमेदियोसच्या घरी शोकमातेच्या मूर्तीवरचा काळा पडदा काढला, आणि मातेच्या छातीतली चांदीची सुरी जागेवर नव्हती.

सान तेलेस्फोरो गावात ही बातमी पसरायला घंटा वाजवावी लागली नाही. तशाही गुरुवारपासून शनिवारपर्यंत चर्चच्या घंटा मुक्याच असतात. दहा मिनिटांत बंदरावरच्या कोळणींपर्यंत सगळ्यांना कळलं. सुरी वीतभर लांब, सेन्योराच्या पणजीने घडवून घेतलेली. मुलाच्या, ख्रिस्ताच्या मरणाने आईचं काळीज चिरलं, त्याची ती खूण. दर वर्षी ती मूर्ती रथातून संध्याकाळी पाचच्या मिरवणुकीत निघते, आणि गावातल्या बायका सुरीकडे बघून डोळे पुसतात. आता बघायचं कशाकडे?

ठाण्याचे प्रमुख बुएनाफ्लोर, ज्यांना सगळं गाव नुसतं ‘हेपे’ म्हणतं, ते चार शिपाई घेऊन आले. खोलीला एकच दार, त्याची एकच किल्ली, आणि ती सेन्योराच्या गळ्यात. हेपेंनी कपाटं उपसली, फुलांच्या टोपल्या पालथ्या घातल्या, माणसांच्या चपला काढून बघितल्या. सुरी नाही ती नाहीच.

आणि अकरा वाजता नावा दुरुस्त करणारा म्हातारा तेबान, गावाचा लोलो तेबान, म्हणजे सगळ्यांचा आजोबा, इस्त्रीचा शर्ट घालून स्वतःच्या पायांनी ठाण्यात आला.

“सुरी मी चोरली,” तो म्हणाला. “कोठडी कुठल्या बाजूला?”

२

गरीब आरोपींसाठी सरकारने नेमलेली वकील लिगाया त्या वेळी चुलीसमोर बसून नारळाच्या दुधात शिजणाऱ्या रताळ्यांकडे बघत होती. उपासाला दिवसातून एकदाच पोटभर जेवायची मुभा, आणि ते एकदा बारा वाजता होतं. बावन्न वर्षांच्या आयुष्यात लिगायाने पुष्कळ गोष्टींवर मात केली होती, भुकेवर नाही. तेवढ्यात फोन वाजला.

“वकीलबाई, लगेच या. इथे एकाला वकील नकोय.”

“नकोय तर मी कशाला येऊ, हेपे?”

“नकोय हे त्याने वकिलासमोर सांगायला हवं. लेखी. कायदा तुमचा, मला काय विचारता? गेल्या वर्षी त्या मोटारसायकलवाल्याचा जबाब कोर्टात माझ्या तोंडावर परत मारलात, कारण तो नको म्हणाला तेव्हा शेजारी वकील नव्हता. मी एकदाच पोळतो.”

लिगायाने रताळ्यांवर झाकण ठेवलं आणि छत्री उचलली. हेपे कुरकुरत असले तरी माणूस सरळ होता. दुसऱ्या कुणी कागदावर अंगठा घेऊन एव्हाना फाइल बंद केली असती. त्यांच्यावर तिचा जीव होता तो याचसाठी, पण हे तिने त्यांना कधी कळू दिलं नव्हतं.

लोलो तेबान बाकावर ताठ बसला होता. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत दात घासायचा ब्रश, दम्याचं औषध आणि एक उशी. उशीला जांभळ्या फुलांची, क्रोशाची झालर होती.

“तुरुंगात उशी देत नाहीत म्हणे,” तो म्हणाला. “वकीलबाई, तुमचा सणाचा दिवस खराब केला. मला वकील नको. कुठे सही करू?”

“करा की. पण नको म्हणायच्या कागदाचा अर्थ मी तुम्हाला समजावून सांगेपर्यंत मी तुमचीच वकील. तोवर हेपे बाहेर बसतील.”

“मी? माझ्या ठाण्यात?” हेपे म्हणाले.

“उन्हात नका बसू. सावलीत बसा.”

हेपे उठले, पण जाताना थांबून त्यांनी आवाज उतरवला. “वकीलबाई, मला आवडतंय असं समजू नका. पण तो चार माणसांदेखत ‘मी चोरली’ म्हणालाय. मिरवणुकीपर्यंत सुरी मिळाली नाही तर मला कागद पाठवावेच लागतील. कोर्ट सोमवारी उघडणार. तोपर्यंत याला आतच राहावं लागेल, आणि आत कसा कोंदट उबारा आहे ते तुम्हाला माहीत आहे.”

लिगायाला माहीत होतं. तेबानचं वय चौऱ्याहत्तर, आणि त्याच्या छातीतली शीळ तिला बाकापासून दोन हातांवर ऐकू येत होती. तीन रात्री त्या खोलीत काढून तो चालत बाहेर येईल, याची खात्री कुणीच दिली नसती.

“आता बोला,” दार लागल्यावर ती म्हणाली. “मला सांगाल ते माझ्या पोटात राहील. तुम्ही हो म्हणेपर्यंत हेपेंच्याच काय, पाद्र्याच्याही कानावर जाणार नाही. सुरी कशी काढलीत?”

“ओढली. मुठीला धरून.”

“सहज निघाली?”

“छे. लाकडात घट्ट रुतली होती. छातीवर डावा हात रोवून जोर लावला, तेव्हा निघाली.”

“मग पोशाख फाटला असेल.”

“थोडा फाटला,” तेबान म्हणाला, आणि त्याला वाईट वाटल्यासारखं दिसलं. “नवी मखमल होती यंदा. सायोंगने चार महिने बसून शिवली. डोळे गेले तिचे.”

“आणि सुरी कुठे आहे?”

“समुद्रात टाकली.”

“चोरून समुद्रात?”

“पश्चात्ताप झाला,” लोलो तेबान घाईघाईने म्हणाला.

रस्त्यापलीकडच्या मांडवात ख्रिस्ताच्या दुःखाची गाथा चालली होती. गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्या पाळीपाळीने दिवसभर ती गातात आणि भोंगा साऱ्या गावाला ऐकवतो. इतक्यात पाळी बदलली. नवा आवाज किंचित कापरा होता, पण सुराला पक्का. तेबान बोलता बोलता थांबला. कडवं संपेपर्यंत त्याने पापणी हलवली नाही.

“घसा बसलाय तिचा,” तो स्वतःशीच म्हणाला. “आल्याचा काढा घेतला नसणार. सांगितल्याशिवाय घेतच नाही.”

ती त्याची बायको होती, गावाची लोला, म्हणजे आजी, सायोंग.

लिगायाने वही मिटली. तिची आई शेजारच्या गावात वीस वर्षं अशाच एका मातेला पोशाख घालायची, आणि नऊ वर्षांची लिगाया टाचण्यांची वाटी धरून उभी असायची. मातेचे कपडे बदलताना खोलीत पुरुष नसतो. पाद्रीही नाही, घरमालकही नाही. त्यामुळे एक गोष्ट गावातल्या झाडून साऱ्या बायकांना ठाऊक असते आणि एकाही पुरुषाला नसते. मातेला छातीच नसते. चेहरा आणि हात तेवढे कोरीव, बाकी मखमलीच्या आत लाकडी पट्ट्यांचा पोकळ सांगाडा. सुरी रुतायला तिथे लाकूडच नाही. तिचा दांडा पोशाखातून आत जातो आणि मागच्या बाजूने पितळी चाकीने आवळावा लागतो.

म्हणजे लोलो तेबानने त्या सुरीला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

३

“सही करायची नाही, एक शब्द बोलायचा नाही,” लिगायाने तेबानला बजावलं. “मी परत येईपर्यंत तुम्ही मुके.”

“पण मला वकील नकोय—”

“तो कागद मला अजून पुरता समजला नाही. मला समजल्याशिवाय तुम्हाला कशी समजावू?”

सेन्योरा रेमेदियोस आपल्या वेताच्या खुर्चीत बसली होती. वय ऐंशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, जीभ मात्र शाबूत.

“तेबान चोर?” ती म्हणाली. “त्याने माझ्या नवऱ्याच्या होड्या दुरुस्त केल्या आणि उरलेले खिळेसुद्धा मोजून परत केले. हेपेंना म्हणावं, दुसरा बघा.”

“काल पोशाख घालताना आत कोण कोण होतं, सेन्योरा?”

“मी, ही माझी भाची मारिसोल, आणि सायोंग. चाळीस वर्षं सायोंगच घालते. मला दिसत नाही तरी मी इथे बसते, नाहीतर या दोघी गप्पा मारतात.”

मारिसोल मनिलाहून सणाला आलेली होती. गेल्याच आठवड्यात तिने जुन्या वस्तूंच्या एका दुकानदाराला सुरीचे फोटो पाठवले होते. हे सगळ्या गावाला माहीत होतं, आणि गाव सकाळपासून तिच्याकडे तसंच बघत होतं.

“मी फक्त विचारलं होतं, ती किती जुनी आहे ते,” मारिसोल रडकुंडीला येऊन म्हणाली. “पोलिसांना बोलावलं ते मीच. चोर पोलिसांना बोलावतो का?”

“हुशार चोर बोलावतो,” दारातून फुलवाला पिलो म्हणाला. रथ सजवणं हे त्याचं काम, आणि तोंड आवरणं त्याला जन्मात जमलं नव्हतं.

“तू कधी आत आलास?” लिगायाने त्याला विचारलं.

“काल पडदा टाकून झाल्यावर. दहा मिनिटं होतो. लिली मांडल्या आणि निघालो. आज इथे माझ्या मोज्यांपर्यंत झडती झाली, वकीलबाई. माझ्या मोज्यांना भोकं आहेत हे आता पोलिसांनाही कळलं.”

“मारिसोल, काल काय काय झालं ते ओळीने सांग बरं.”

मारिसोलने नाक पुसलं. “पोशाख घातला. सुरीची पेटी टेबलावर उघडी होती, सुरी आत होती, मी बघितली. मग लोला सायोंग मागे गेली, झग्याखाली हात घालून काहीतरी आवळत बसली. पुष्कळ वेळ लागला तिला. मला म्हणाली, टाचण्या संपल्या, खालून घेऊन ये. मी आले तोवर तिने पडदा टाकला होता. पेटी रिकामी होती.”

“म्हणजे सुरी लागलेली तू बघितलीस?”

“नाही,” मारिसोल म्हणाली. “मी आले तेव्हा नुसता पडदा दिसला.”

“सेन्योरा, तुम्ही?”

“मला भिंत दिसत नाही, सुरी काय दिसणार?”

पिलो पडद्यानंतर आला होता. सगळं गाव चोर शोधत होतं, आणि मातेच्या छातीत यंदा सुरी लागलेली एकानेही बघितली नव्हती.

४

लिगाया मूर्तीसमोर गेली. मातेचा चेहरा वर्षानुवर्षं तोच, ओठ किंचित उघडे, गालावर काचेचे दोन थेंब. लिगायाने क्रूसाची खूण केली आणि डाव्या छातीवरून हलकेच बोट फिरवलं. नवी काळी मखमल तान्ह्या मुलाच्या टाळूसारखी मऊ होती. तिने खालपासून गळ्यापर्यंत, मग आडवं, असं दोनदा चाचपून बघितलं.

फाटलेलं कुठेच नव्हतं. पण फाटलेलं नव्हतं एवढंच नाही. दांडा आत जायला जे काजं असतं, तेही नव्हतं. सायोंगने चार महिने बसून पोशाख शिवला होता, आणि सुरीसाठी भोक ठेवलंच नव्हतं.

पहाऱ्यावरचा शिपाई दाराबाहेर पाठ करून उभा होता.

“दादा,” लिगायाने विचारलं, “तुम्ही सगळ्या खोलीची झडती घेतलीत ना?”

“फरशी उचकटायची तेवढी राहिली.”

“आणि मातेची?”

शिपाई दचकून वळला आणि लगेच पुन्हा पाठमोरा झाला. “काय बोलता, वकीलबाई. आम्ही पुरुष माणसं. आमच्याकडची एकुलती एक बाई हवालदार सणाला माहेरी गेलीये.”

लिगायाला आता सुरी कुठे आहे ते कळलं होतं. झग्याखाली हात घातला असता तर दोन मिनिटांत मिळाली असती. तिने हात घातला नाही. मिळवून हेपेंसमोर ठेवली की पुढचा प्रश्न येणार, ठेवली कुणी? आणि ज्या माणसाची ती वकील होती, तो त्याच प्रश्नाचं उत्तर दडवायला उशी घेऊन ठाण्यात बसला होता. त्याची सुटका करताना त्याचं काळीज मोडायचं, असली वकिली तिला करायची नव्हती.

तिने छत्री उघडली आणि ती मांडवाकडे निघाली.

५

लोला सायोंगची पाळी नुकतीच संपली होती. मांडवामागे ती आल्याचा काढा हातात घेऊन बसली होती आणि पीत नव्हती. सकाळी उजाडल्यापासून गाथेतून उठलेली नसल्यामुळे तिला काहीच माहीत नव्हतं. गाणाऱ्या बाईला मधेच कुणी बातम्या सांगत नाही.

“लोला, तेबान ठाण्यात आहेत,” लिगाया तिच्याशेजारी बसत म्हणाली. “सुरी आपण चोरली असं सांगून बसलेत.”

काढ्याचा कप सायोंगच्या हातातून निसटला. “त्याने? तो तर देवळातली मेणबत्तीसुद्धा स्वतःची विकत घेऊन लावतो.”

“मला माहीत आहे. आणखीही एक माहीत आहे. मखमलीला काजं नाही.”

सायोंगने वाकून कप उचलला.

“अर्नेलला जाऊन आठ महिने झाले,” ती म्हणाली. अर्नेल त्यांचा एकुलता एक मुलगा, मालवाहू जहाजावर होता. “जहाजावरून पत्र आलं, पोर आलं नाही. चाळीस वर्षं मी माझ्या हातांनी त्या माउलीच्या काळजात सुरी लावली, वकीलबाई. चाकी घट्ट बसली की नाही ते हलवून बघायचे. कधी काही वाटलं नाही. यंदा मखमल बेतली, कात्री हातात घेतली, आणि मला ते भोक पाडवेना. म्हटलं, तिचा मुलगा गेलाय हे सगळ्या जगाला माहीत आहे. वरून सुरी कशाला?”

“मग सुरी?”

“तिच्यापाशीच आहे. आत. अर्नेलच्या लहानपणीच्या बनियनमध्ये गुंडाळून पट्टीला बांधली. टोक बाहेरच्या बाजूला केलं, तिला लागू नये म्हणून. वाटलं, पडदा निघाला की मीच सांगेन सेन्योराला. पण रात्रभर धीर झाला नाही, आणि सकाळी उजाडताच इथे येऊन बसले. तोंड गाण्यात असलं की बोलावं लागत नाही.”

लिगायाने म्हातारीचा हात धरला. कायद्याच्या पुस्तकात याला काय म्हणतात ते तिने मनात शोधलं. सापडलं नाही, आणि त्याचं तिला फार बरं वाटलं.

मग दोघी सेन्योराकडे गेल्या. पिलोला बाहेर काढलं, शिपायाला अंगणात पाठवलं, दार लावून घेतलं. सायोंगने खुर्चीसमोर गुडघे टेकून सगळं सांगितलं. सेन्योराने चेहरा न हलवता ऐकलं. मग काठी टेकत उठली, मूर्तीपर्यंत चाचपडत गेली, मागून झग्याखाली हात घातला आणि आतलं गाठोडं बोटांनी ओळखलं.

सायोंग पुढे झाली. “काढते, सेन्योरा. काजंही पाडते. अजून दोन तास आहेत.”

“हात लावशील तर खबरदार,” सेन्योरा म्हणाली.

६

साडेतीनला लिगाया आणि सायोंग ठाण्यात शिरल्या. सायोंगला बघताच लोलो तेबान उभा राहिला.

“हिचं काही ऐकू नका,” तो हेपेंना म्हणाला. “हिला उन्हाने भोवळ येते, मग काहीही बोलते.”

“तुम्ही मुके आहात,” लिगायाने त्याला आठवण करून दिली. “आता सांगा, तुमच्यातर्फे मी बोलू? लोलाची परवानगी आहे.”

तेबानने बायकोकडे बघितलं. तिने मान हलवली, तेव्हा त्यानेही हलवली.

“हेपे, चोरी होण्यासाठी वस्तू कुणीतरी न्यावी लागते,” लिगाया म्हणाली. “हे म्हणतात, ओढून काढली आणि समुद्रात टाकली. पण मखमलीला भोक नाही, म्हणजे सुरी लावलीच गेली नाही. लावली नाही, तर उपटणार कुठून? पोशाख घातला तेव्हा सुरी पेटीत होती, मारिसोल खालून टाचण्या घेऊन आली तेव्हा नव्हती. मधल्या वेळात मूर्तीमागे गेली ती एकटी पोशाख घालणारी. दारातून काही बाहेर गेलं नाही, तुम्ही मोज्यांपर्यंत बघितलंत. आणि जिथे तुम्ही बघितलं नाही, अशी खोलीत एकच जागा होती.”

हेपेंना उमगायला थोडा वेळ लागला. उमगलं तेव्हा त्यांनी टोपी काढली.

“ती पट्टीला बांधून ठेवली ती मी,” सायोंग म्हणाली. “तेबानला यातलं काही माहीत नाही.”

“आणि हे मालकिणीचं पत्र,” लिगायाने कागद पुढे सरकवला. “सुरी घरातच आहे, मातेपाशी आहे, तक्रार नाही.”

“मला एकदा डोळ्यांनी बघायला हवी.”

“बघा की. झग्याखाली तुम्ही हात घालणार, की तुमच्या आईंना बोलावू?”

हेपेंनी पत्र दोनदा वाचलं आणि तेबानचा न लिहिलेला जबाब, म्हणजे कोरा कागद, चार तुकडे करून टोपलीत टाकला. “या माणसाला वकील नको होता,” ते म्हणाले. “वकील न बोलावता मी लिहून घेतलं असतं, तर त्याने समुद्रसुद्धा दाखवला असता. आम्ही पाणबुडे लावले असते.” आणि ते सावलीत बसायला आपणहून बाहेर गेले.

सायोंग नवऱ्याशेजारी बाकावर बसली.

“तुला वाटलं, मी चोरली?”

“गुरुवारी जेवताना तू म्हणालीस, आज माझ्या हातून पाप घडलं. सकाळी सुरी गेली. एवढा हिशेब मलाही येतो.”

“म्हणजे तू मला चोर समजलास.”

“समजलो.”

“आणि तरी आलास?”

“म्हणून तर आलो,” तेबान म्हणाला. “तू चोर नसतीस, तर मी कशाला आलो असतो?”

सायोंगने डोळे पुसले आणि सवयीने त्याची पिशवी आवरायला घेतली. ब्रश, औषध. उशी बाहेर काढून तिने जांभळ्या झालरीवरून हात फिरवला.

“तेबान, ही माझी उशी आहे.”

“मला माहीत आहे.”

“तुझी पलीकडेच होती की.”

“तिला तुझ्या केसांच्या तेलाचा वास येत नाही,” लोलो तेबान म्हणाला.

लिगाया खिडकीकडे तोंड करून उभी राहिली आणि रस्त्यावर काहीतरी फार महत्त्वाचं चाललंय असं दाखवत राहिली.

पाच वाजता मिरवणूक निघाली. लिलींच्या मधोमध माता उभी होती, छातीवर नुसती काळी मखमल, तिला एक ओरखडासुद्धा नव्हता. गावातल्या बायकांनी वर बघितलं, सुरी दिसली नाही, तरी त्यांनी डोळे पुसले. रथाच्या उजव्या अंगाला, जिथे दर वर्षी सेन्योरा चालते, तिथे यंदा सेन्योराने लोला सायोंगला चालायला लावलं होतं आणि स्वतः तिच्या दंडाला धरलं होतं. मागून लोलो तेबान येत होता, एका हातात मेणबत्ती, काखेत उशी.